पात्याचे पाणी

पात्याला ‘पाणी देणे’ हा वाक्प्रयोग शब्दकोशात सापडतो. परंतु स्वतः एखादी सुरी घडवल्यावाचून त्याचा अर्थ पुरता उमगत नाही, असे आम्हां मराठीच्या अध्यापकांचे मत आहे. आणि अशी सुरी घडवणे नवशिक्यालाही अशक्य नाही.

त्यासाठी ऐरण लागत नाही. चांगल्या पोलादाची एक झिजलेली कानस, घासायला दुसरी नवी कानस, सांडशी, फुललेल्या कोळशांची शेगडी आणि झाकणाच्या डब्यात गोडेतेल एवढे पुरे. जुनी कानस लालबुंद तापवून राखेत सावकाश निवू द्यावी. ती मऊ होते. मग घासून तिला पात्याचा आकार द्यावा, धार मात्र तूर्त जाड ठेवावी. पाते पुन्हा तापवावे. लोहचुंबक चिकटेनासे झाले की किंचित आणखी तापवून ते कोमट तेलात बुडवावे. तेल भडकू शकते, म्हणून हे काम उघड्यावरच करावे. आता पाते कठीण झालेले असते, पण काचेसारखे ठिसूळही. ते उजळ घासून सुमारे २०० अंश सेल्सिअसला तास-दोन तास ठेवले की त्यावर गवती पिवळा रंग चढतो. थोडे काठिण्य जाते, चिवटपणा येतो. त्यानंतर बाभळीची मूठ बसवावी आणि धार लावावी.

दौंडसारख्या ऊसपट्ट्यात हे ज्ञान काही परके नाही. मालमोटारीच्या जुन्या पाट्यांपासून कोयते घडवणारे लोहार रंगांची ही भाषा नजरेने वाचतात. ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तर ‘एक कोयता’ असेच म्हणतात. हत्याराचे नाव माणसांना मिळाले. ते घडवणाऱ्याला मात्र शिक्षकाचा मान मिळाला नाही. बलुतेदारीत त्याच्या वाट्याला धान्य आले, गुरुपद नव्हे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला; आमच्या वर्गांत अजूनही खडूच तेवढा हाताला लागतो.

बाजारात सुरी स्वस्त मिळते, हा आक्षेप खरा आहे. पण प्रश्न सुरीचा नाहीच. महाविद्यालयाने वर्षातून चार दिवस तरी लोहाराला तासिका तत्त्वावर बोलवावे, आणि मानधन इतर अध्यापकांइतकेच द्यावे. ‘पाणी’ या शब्दाचा तास त्याच्याहून चांगला आम्हांला घेता येणार नाही.