औषध ठरवणारी तपासणी विम्यात हवी, पण मर्यादेसह

मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की अनेक घरांची पुढची धावपळ प्रयोगशाळेची असते. मेणात बसवलेला बायोप्सीचा ब्लॉक पाकिटात घालून घरातलेच कोणी लोकलने शहराच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवते. तिथे ‘ईजीएफआर’ जनुकात बदल आहे का, हे पाहतात. आपल्याकडे या कर्करोगाच्या ॲडिनोकार्सिनोमा प्रकारात साधारण चारांपैकी एका रुग्णात तो सापडतो आणि त्याला केमोऐवजी रोजची गोळी देता येते. औषध या अहवालावर ठरते. पावती मात्र विमा कंपनीकडून बरेचदा परत येते, कारण रुग्ण दाखल नव्हता.

नियमांतच इथे एक फट आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी यांसह बारा आधुनिक उपचार विम्यातून वगळू नयेत, असे सांगितले. पण केवळ तपासणीसाठी दाखल झाल्यास तो खर्च नाकारण्याची मुभा त्याच सूचनांनी कायम ठेवली. म्हणजे उपचाराला संरक्षण आहे. तो उपचार कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या तपासणीला त्याची खात्री नाही. तपासणी परवडली नाही म्हणून उपयोगी न पडणाऱ्या औषधाचे दुष्परिणाम सोसावे लागणे, ही रुग्णाची तक्रार म्हणूनच रास्त आहे.

तथापि, विमा कंपन्यांचा आक्षेपही उडवून लावण्याजोगा नाही. अनेक जनुके एकाच वेळी पाहणाऱ्या चाचण्यांचा खर्च हजारोंच्या घरात जातो, आणि प्रयोगशाळांच्या दरांवर सरसकट नियंत्रण नाही. असा खर्च देण्याची सक्ती झाली की चाचण्या वाढतील आणि त्याचा भार हप्त्यावर येईल. शिवाय योग्य तपासणीमुळे खर्च वाचेलच, हा दावाही पूर्ण खरा नाही. अहवालानंतर कधी कधी अधिक महागडे औषध सुरू होते. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५मध्ये काढावा लागला, यावरून हप्त्याचे ओझे किती जाणवते ते कळते. हप्ता न झेपल्याने घाटकोपरच्या एखाद्या निवृत्त जोडप्याने पॉलिसीच सोडली, तर त्यांच्यासाठी ही सुधारणा कागदावरच राहील.

दुसरीकडे, सगळ्या तपासण्या एका मापाने मोजणेही योग्य नाही. स्तनाच्या कर्करोगात ‘हर-टू’ चाचणीविना ट्रॅस्टुझुमॅब हे औषध द्यावे की नाही, हे ठरतच नाही. याउलट अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल देताना प्रत्येकाची जनुकीय चाचणी करावी का, यावर हृदयरोगतज्ज्ञांतच एकमत नाही. पहिल्या चाचणीचा खर्च नाकारणे अन्यायाचे ठरेल. दुसरीची आज सक्ती करणे घाईचे.

गोपनीयतेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. खर्च कंपनीने उचलायचा तर अहवालही तिच्या हाती जाणार, आणि जनुकांची माहिती रुग्णापुरती राहत नाही, भावंडांना आणि मुलांनाही लागू होते. जनुकीय आजारांना सरसकट वगळणारी विम्याची अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये भेदभावाची ठरवली होती. ते संरक्षण या तपासण्यांच्या अहवालांनाही स्पष्ट शब्दांत मिळायला हवे.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कौल मर्यादित सक्तीकडे झुकतो. जिच्या निकालावर उपचाराची निवड थेट बदलते आणि जिच्यामागे भक्कम पुरावा आहे, अशाच तपासणीचा खर्च द्यावा; रुग्ण दाखल असो वा नसो. सुरुवात कर्करोगापासून करावी. उपचार करणाऱ्या डॉक्टरची लेखी शिफारस, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि दराची कमाल मर्यादा या अटी असाव्यात. कोणती चाचणी यादीत घ्यायची, याचा अभ्यास केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखालील ‘एचटीएइन’ या मूल्यमापन यंत्रणेकडे सोपवता येईल. यादीचा दरवर्षी फेरविचार व्हावा, आणि अहवालाच्या आधारे हप्ता वाढवण्यास किंवा पॉलिसी नाकारण्यास मनाई असावी.

यामुळे हप्ता थोडा वाढेल, हे मान्य करूनच हा निर्णय घ्यावा लागेल. मात्र ज्यांच्याकडे विमाच नाही, त्यांना याचा काहीच लाभ नाही. म्हणून राज्य सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजनेलाही हीच यादी लागू करावी.