आधीं उजेड, मग खत

रोपवाटिका चालविणाऱ्या आपल्या कित्येक बंधूंचा असा समज आहे कीं, शोभेच्या झाडाच्या पानांचा रंग गेला म्हणजे तें उपाशीच आहे. माझाही तोच समज होता. नोकरींतून मोकळा झाल्यावर मीं ओसरीच्या दाट सावलींत क्रोटनच्या आठ कुंड्या ठेविल्या. तांबडा-पिंवळा रंग लोपून नवीं पानें हिरवींच येऊं लागलीं. म्हणून दर आठवड्यास युरिया घातला. फांद्या लांबून लुळ्या पडल्या, पानांच्या कडा करपल्या आणि पांच झाडें गेलीं.

कारण उघड आहे. झाड आपलें अन्न उजेडांत तयार करितें. खत हा त्यांतील मसाला होय. उजेड कमी तर वाढ कमी, आणि न उचललेल्या खताचे क्षार कुंडींत सांचून मुळ्या जाळतात. उरलेलीं तीन झाडें सकाळचें ऊन लागेल अशा जागीं हलविलीं, खत थांबविलें, कुंड्यांतून भरपूर पाणी वाहूं दिलें. तेव्हां नव्या पालवीस रंग आला. मनीप्लँटचें मात्र उलट. भर उन्हांत त्याचीं पानें भाजतात.

सबब माझें मत असें कीं, रोप विकतांना त्यास किती उजेड लागतो हें विक्रेत्यानें चिठीवर लिहून द्यावें. खताची पुडी गळ्यांत बांधण्यापेक्षां हें प्रामाणिकपणाचें आहे, आणि गिऱ्हाईकही टिकेल.