निदान सांगू की नको? : भारतीय परिचर्या परिषदेला खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय परिचर्या परिषद, नवी दिल्ली



पत्र सुरतेहून आहे आणि मराठीत आहे. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत जळगाव-धुळे-नंदुरबारकडून आलेली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. बाप लूमच्या खात्यात नाहीतर पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, आणि मुलगी बारावी सायन्स करून नर्सिंगला, अशी घरं मला भरपूर माहीत आहेत. हे पत्र तुमच्याइतकंच त्या घरांतही वाचलं जावं, म्हणून मराठी. मी स्वतः वॉर्डात नोकरी करून निवृत्त झालेली सिस्टर आहे.

अशीच एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सतराव्या वर्षी तिला बायपोलरचं निदान झालं. लिथियम सुरू आहे, झोप नीट आहे, बारावीला मार्क चांगले आहेत. प्रवेशासाठी तुमची अट आहे की उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त हवा. त्या अटीत मन येतं की नाही? येत असेल तर किती बरं असलेलं चालतं, आणि ते कोण ठरवणार? आई म्हणते, ‘कोनले सांगू नको, पोरी.’ आईला कॉलेजची भीती आहेच, पण त्याहून जास्त भीती आहे ती स्थळांची. हॉस्टेलच्या रूममधून निघालेली बातमी लिंबायतच्या गल्लीत पोचायला फार वेळ लागत नाही.

मग मुलगी लपवते. लिथियमच्या गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवते. औषध मूळ लेबलच्या पाकिटातून काढून भलत्या डबीत ठेवायचं नाही, हे आम्ही मुलींना अगदी सुरुवातीला शिकवतो. पुढे मानसिक आरोग्य परिचर्येच्या तासाला ट्यूटर सांगतात की लिथियमची रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.2 च्या आत राहिली पाहिजे, पाणी-मीठ कमी पडलं की ती वर जाते, आणि अशा रुग्णाची झोप मोडू देऊ नका. ही मुलगी वहीत सगळं उतरवून घेते. त्याच आठवड्यात तिची नाईट ड्युटी लागते. सुरतेचा मे महिना, घामाने निथळलेला युनिफॉर्म, दिवसा हॉस्टेलच्या गोंगाटात झोप नाही. धोक्याचं प्रत्येक कारण तिला पाठ आहे आणि त्यातलं एकही बोलून दाखवायची सोय नाही.

तुमची बाजू मला कळते. उन्मादाच्या झटक्यात असलेल्या माणसाच्या हातात इन्सुलिनची सिरिंज नको, यावर माझं दुमत नाही. पण साखर आटोक्यात नसलेल्या सिस्टरला आपण घरी बसवत नाही. तिची वेळ, तिचं जेवण सांभाळून घेतो. आणि रुग्णाला धोका लपवलेल्या आजारातून जास्त असतो, कारण लपवणाऱ्या मुलीची तब्येत बिघडते आहे हे इतरांना फार उशिरा कळतं. ब्रिटनची परिचर्या परिषदही विद्यार्थ्यांच्या तब्येतीबद्दल विचारते. पण आजार आहे म्हणून कुणी अपात्र ठरत नाही, सुरक्षितपणे काम करता येतं की नाही हे बघायचं, असं ती स्पष्ट लिहून देते. आपल्याकडे ते लिहिलेलंच नाही.

देशाचे कायदे तुमच्यापुढे निघून गेले आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. त्याचं सोळावं कलम सरकारी मान्यतेच्या शिक्षणसंस्थांना विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यायला सांगतं. तुमच्या नियमांत मात्र दिव्यांगांच्या राखीव जागा पायाच्या 40 ते 50 टक्के अपंगत्वापुरत्याच आहेत. 2021 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात मानसिक आजाराला कायद्याचं संरक्षण दिलं. बंदूकधारी दलातल्या माणसाला जो न्याय मिळतो, तो थर्मामीटर धरणाऱ्या मुलीला का नाही?

गुप्ततेतली फट तर फारच वाईट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या तेविसाव्या कलमानुसार उपचार करणाऱ्यांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. पण ट्यूटर किंवा प्राचार्या त्या मुलीवर उपचार करत नाहीत, तेव्हा ‘हे कलम आम्हाला लागू नाही’ असं त्या म्हणू शकतात. लॅम्प लायटिंगच्या दिवशी आम्ही मुलींकडून रुग्णाची गुपितं जपण्याची शपथ घेतो. मुलीचं गुपित जपण्याची शपथ कॉलेज मात्र घेत नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. ते काम कृपा करून मानसिक आरोग्य शिकवणाऱ्या बाईंच्याच गळ्यात घालू नका. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्यापुढे मन मोकळं करायला कोण बसणार आहे?

तोवर मुली विचारतातच, ‘सिस्टर, सांगू का?’ मी त्यांना म्हणते, विचारलेलं नसताना फॉर्मवर निदान लिहू नकोस. विचारलं असेल तर खोटं लिहू नकोस. नंतर उघडकीला आलं तर आजारापेक्षा ते खोटंच तुला भोवेल. सोय हवी असेल तेव्हा निदान न सांगता गरज सांग: डॉक्टरांच्या पत्रावर ‘सलग रात्रपाळ्या टाळाव्यात’ एवढं पुरतं. एका तरी विश्वासाच्या मैत्रिणीला खरं काय ते माहीत असू दे. आणि रात्री-अपरात्री फारच वाटलं तर टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. हा सल्ला हिशेबी आहे, मला तो द्यायला आवडत नाही. तुम्ही नियम केलात तर मी तो आनंदाने बंद करीन.

नियम फार मोठा नको. तंदुरुस्तीच्या अटीखाली लिहा की केवळ मानसिक आजाराचं निदान हे प्रवेश नाकारण्याचं कारण होणार नाही, उपचार घेत काम जमतं का तेवढंच बघितलं जाईल. वैद्यकीय कागद प्राचार्यांच्या कपाटात न ठेवता कॉलेजबाहेरच्या डॉक्टरकडे राहतील. कॉलेजला फक्त कोणती सोय द्यायची ते कळेल. आजारपणात बुडालेल्या क्लिनिकल पोस्टिंगचे तास वर्ष न गमावता कसे भरून काढायचे, तेही लिहा. कारण खाडा झाला की वर्ष जाईल, या धास्तीनेच मुली डॉक्टरकडे जायचं टाळतात.

2023 च्या नव्या कायद्याने तुमच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग आणायचं ठरवलं आहे. ‘आता ते बघतील’ म्हणून ही फाईल तशीच पुढे ढकलू नये. परिपत्रक इंग्रजीत काढलंत तरी हरकत नाही. त्याचं गुजराती आणि मराठी आम्ही इथे करून घेऊ आणि बारावीच्या निकालाआधी उधना-लिंबायतच्या घराघरांत पोचवू.

आपली,
सुरतेची एक निवृत्त सिस्टर