परीक्षेचे जागरण आणि कॉफीची वेळ

दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास घरोघरी आणि अभ्यासिकांतून रात्री दहानंतर कॉफीची जी आवर्तने सुरू होतात, त्यांत पालकवर्गास मुलाच्या उद्योगशीलतेचा पुरावा दिसतो. आणि थर्मास भरून देणारी माउली तर आपण पाल्याच्या यशास प्रत्यक्ष हातभार लावीत आहोत, अशाच समाधानात असते. कॉफीशी आमचे वैर नाही. तक्रार आहे ती तिच्या वेळेविषयी.

जागेपणाच्या तासागणिक मेंदूत अ‍ॅडिनोसीन नावाचे द्रव्य साचत जाऊन विश्रांतीची निकड कळवीत असते. कॅफीन त्या द्रव्याच्या जागा अडवून बसते, आणि मग थकव्याचा अर्ज रीतसर दाखल होऊनही त्याची सुनावणी तेवढी तहकूब राहते. शिवाय शरीरातील कॅफीन निम्म्यावर यावयास प्रौढांत साधारणतः पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाच्या पेल्याचा निम्मा अंमल पहाटे तीनला आणि चतुर्थांश सकाळी आठलाही शिल्लक असतो. निजण्याच्या सहा तास अगोदर घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने, म्हणजे सुमारे चार पेल्यांतील ऐवजाने, झोप तासाहून अधिक घटल्याचे अमेरिकेतील डेट्रॉइटच्या संशोधकांना २०१३ साली आढळून आले. वाचलेले स्मृतीत पक्के करण्याचे पुष्कळसे काम मेंदू निद्रेतच उरकतो, हे ध्यानी घेता, ज्या धड्यासाठी रात्र जागविली तोच धडा उत्तरपत्रिकेवर उतरताना दगा देतो, यात नवल ते काय? (चहालाही हाच न्याय लागू आहे, प्रमाण काय ते कमी.)

मात्र परीक्षेच्या दिवशीच कॉफी वर्ज्य करणेही इष्ट नव्हे, कारण नित्य पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यास बहुधा दिवसभराच्या आत डोके दुखू लागते. आणि ज्याने ती कधी चाखलीच नाही, त्याने नेमक्या त्याच सकाळी पहिला प्रयोग करून हाताची थरथर व छातीची धडधड ओढवून घेणे, हा तर शुद्ध अविचार होय. कॅफीनचा प्रभाव अर्ध्या-एक तासात भरास येतो. तेव्हा सवय असलेल्याने अकराच्या पेपरास निघण्यापूर्वी नेहमीचा एक पेला घ्यावा, दुसरा घेऊ नये.

अभ्यासिकांच्या चालकांनी दुपारी चारनंतर कॉफी देणे बंद करावे आणि मातापित्यांनी रात्रीचा थर्मास परीक्षा संपेपर्यंत फळीवरच राहू द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.