किल्ली कुणाकडे?

हुलसूर, भालकी, बसवकल्याण या पट्ट्यातली आपली मुलं शिकायला आणि नोकरीला पुण्याला, हैदराबादला, बेंगळुरूला जातात. पगार सुरू झाला की वर्षा-दोन वर्षांत बऱ्याच जणांच्या फोनवर एखादं क्रिप्टोचं ॲप येतं. आधी हजार-दोन हजार, मग भाव वाढताना दिसला की आणखी थोडे. घरी सहसा कुणाला सांगितलेलं नसतं. क्रिप्टो घ्यावं की घेऊ नये, हा वाद आज बाजूला ठेवू. त्यावर घरोघरी मतं आहेत आणि ती असावीत. आजचं लेखन ज्यांनी आधीच घेतलंय त्यांच्यासाठी आहे. घेतलेलं ठेवायचं कुठे?

आधी एक गैरसमज दूर करू. बिटकॉइन किंवा दुसरं कुठलंही क्रिप्टो तुमच्या फोनमध्ये नसतं, ॲपमध्येही नसतं. जगभरातल्या हजारो संगणकांवर एकच सामायिक वही असते, तिला ब्लॉकचेन म्हणतात. कुठल्या पत्त्यावर किती नाणी आहेत, याची नोंद त्या वहीत असते. आपल्याकडे जमीन शेतात असते आणि तिची नोंद पहाणीत असते, तसंच काहीसं. फरक एवढाच, की पहाणीत चूक झाली तर तहसील कचेरीत अर्ज करता येतो. या वहीला तहसीलदार नाही. एका गुप्त आकड्याने सही केली की नोंद बदलते, आणि एकदा बदलली की ती उलटवणारं कुणी नाही. त्या गुप्त आकड्याला आपण किल्ली म्हणू.

म्हणून ‘क्रिप्टो कुठे ठेवू?’ याचा खरा अर्थ ‘किल्ली कुणाकडे ठेवू?’ असा होतो.

आपल्याच भागाची एक जुनी गोष्ट

हा प्रश्न क्रिप्टोइतका नवा नाही. १९४८ साली आपला बिदर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हाली आणि कलदार हे शब्द ऐकलेले असतील. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा. त्या सप्टेंबरमध्ये पोलीस ॲक्शन होऊन संस्थान भारतात आलं. त्याच दिवसांत निजाम सरकारच्या लंडनमधल्या बँक खात्यातले सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्तांच्या नावावरच्या खात्यात वळवले गेले. थोड्याच दिवसांत निजामाने ते परत मागितले. बँकेने सांगितलं, ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांच्या संमतीशिवाय देता येणार नाहीत.

पुढे काय झालं? प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं आणि तिथे अडकलं. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निजामाचे वारस आणि भारत सरकार यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर व्याजासह रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. पैसा कुठे गेला नव्हता, सत्तर वर्षं त्याच बँकेत होता. पण ज्याने ठेवला, तो निजाम १९६७ मध्येच वारला होता.

दुसऱ्याच्या नावावर ठेवलेला पैसा सुरक्षित असू शकतो आणि तरीही तुमच्या हाताला लागत नाही. हे लक्षात ठेवून आता आजच्या ॲपकडे या.

एक्सचेंजवर ठेवलं तर

बहुतेक जण जिथे क्रिप्टो विकत घेतात, तिथेच ठेवतात. अशा कंपनीला एक्सचेंज म्हणतात. ॲपवर आकडा तुमच्या नावापुढे दिसतो, पण किल्ली कंपनीकडे असते. सोय मोठी आहे. पासवर्ड विसरला तर ओळखपत्र दाखवून परत मिळतो. पण कंपनी अडचणीत आली तर तुम्ही रांगेत उभे राहता.

वझीरएक्स हे मुंबईतून चालणारं, एकेकाळी देशातलं सर्वांत मोठं एक्सचेंज. १८ जुलै २०२४ रोजी तिथून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं. म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये. ती तिजोरी एका किल्लीची नव्हती. सहा जणांकडे किल्ल्या होत्या. त्यातल्या पाच कंपनीच्या माणसांकडे आणि एक बाहेरच्या सुरक्षा कंपनीकडे. व्यवहाराला चार सह्या लागत. तरीही चोरी झाली, कारण सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सही होत होती दुसऱ्याच व्यवहारावर. नंतर दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं जाहीर केलं.

ग्राहकांचे हाल मात्र पुढे होते. ज्यांची नाणी चोरीला गेलेली नव्हती, त्यांचीही खाती गोठली. तोटा सगळ्यांनी वाटून घ्यावा अशी योजना आली. ती सिंगापूरच्या न्यायालयात गेली, कारण मूळ कंपनी तिथे नोंदलेली होती. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. पंधरा महिने! एखाद्याने बहिणीच्या लग्नासाठी किंवा शेतात बोअर मारण्यासाठी ती रक्कम धरलेली असेल, तर त्याने काय करावं?

त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने या एक्सचेंजच्या एका ग्राहकाच्या अर्जावर महत्त्वाची गोष्ट सांगितली. क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती एखाद्याची असू शकते आणि दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवलेली असू शकते. ग्राहकाच्या बाजूने हे पुढचं पाऊल आहे. पण कोर्टात जाऊन आपलं सिद्ध करणं आणि आपल्या हातात असणं, यात अंतर आहे.

बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. एक्सचेंजवरच्या क्रिप्टोला असं कुठलंही सरकारी संरक्षण नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्याच कॉइनडीसीएक्सची सुमारे साडेचार कोटी डॉलरची चोरी झाली, तेव्हा कंपनीने तोटा स्वतःच्या गंगाजळीतून भरला आणि ग्राहकांचा पैसा वाचला. चांगलं झालं. पण तसं करायची ऐपत प्रत्येक कंपनीकडे असेल, असं धरून चालू नका.

एक्सचेंज निवडताना निदान हे पाहा. मार्च २०२३ पासून भारतात व्यवसाय करणाऱ्या एक्सचेंजला केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तचर विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. ती आहे का? मूळ कंपनी कुठल्या देशात नोंदलेली आहे? घेतलेलं क्रिप्टो स्वतःच्या वॉलेटमध्ये बाहेर काढू देतात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे तुमच्या हातात फक्त आकडा आहे.

स्वतःकडे ठेवलं तर

दुसरा मार्ग म्हणजे किल्ली आपल्याकडे. फोनवरचं वॉलेट फुकट मिळतं आणि ते थोड्या रकमेला ठीक आहे. रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट येतं. पेन ड्राइव्हसारखं छोटं यंत्र, ज्यातून किल्ली बाहेर पडत नाही आणि सही यंत्राच्या आतच होते. चेक प्रजासत्ताकातलं ट्रेझर आणि फ्रान्सचं लेजर ही त्यातली जुनी नावं. असं यंत्र कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. ओळखीतल्या कुणाचं वापरलेलं, किंवा आधीच शब्द लिहून ठेवलेलं यंत्र कधीच घेऊ नका.

वॉलेट सुरू करताना ते तुम्हाला बारा किंवा चोवीस साधे इंग्रजी शब्द देतं. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात. यंत्र हरवलं, जळलं, पाण्यात पडलं, तरी हे शब्द त्याच क्रमाने नव्या यंत्रात घातले की सगळं परत मिळतं. म्हणजे खरी किल्ली यंत्र नाही, ते शब्द आहेत. ज्याच्या हाती शब्द लागले, त्याच्या हाती सगळं लागलं.

म्हणून त्या शब्दांचा फोटो काढायचा नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवायचे नाहीत. ईमेलमध्ये, गुगल ड्राइव्हवर ठेवायचे नाहीत. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहायचे, दोन प्रती करायच्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या. एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली तरी चालेल. आपल्याकडची दमट भिंत आणि वाळवी लक्षात घेता कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करा, किंवा स्टीलच्या पट्टीवर कोरून घ्या. कोरायचं मात्र स्वतः, दुकानदाराकडून नाही.

आणि कुठलीही कंपनी, कुठलाही कस्टमर केअरवाला हे शब्द विचारत नाही. विचारले की तो चोर समजा. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावं-पत्ते फुटले, तेव्हा काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रं आली होती. ‘तुमचं जुनं बदलून घ्या’ असं पत्र सोबत होतं.

स्वतःकडे ठेवण्यात चोरापेक्षा मोठा धोका आपल्या विसराळूपणाचा असतो. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये एका माणसाची सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो अनेक वर्षं महापालिकेशी भांडला. नाणी वहीत अजून त्याच पत्त्यावर आहेत. दिसतात, पण हलवता येत नाहीत.

तिसरा, घरचा प्रश्न

कॅनडातल्या क्वाड्रिगा या एक्सचेंजचा तरुण मालक डिसेंबर २०१८ मध्ये भारतात आला असताना जयपूरला वारला. किल्ल्या त्याच्या एकट्याकडे होत्या, असं कंपनीने सांगितलं. हजारो ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे चौकशीत निघालं, की पैसे बरेच आधी त्यानेच उडवले होते. पण त्या काही महिन्यांत सगळ्यांना एक गोष्ट कळली. किल्ली एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर ती त्याच्याबरोबर जाते.

हे आपल्या घरालाही लागू आहे. बँकेतल्या खात्याला नॉमिनी असतो. पोस्टात असतो, विम्यात असतो. तुमच्या स्वतःच्या वॉलेटला नॉमिनी नाही. उद्या रस्त्यावर काही झालं, तर आई-वडिलांना बँकेकडून पत्र येईल. वॉलेटकडून काही येणार नाही. ते होतं, हेच त्यांना कळणार नाही.

पूर्वी आपल्याकडे धान्य पेवात ठेवत. पेव कुठे आहे हे गावाला सांगत नसत, पण घरातल्या दोन माणसांना ते माहीत असे. क्रिप्टोच्या बाबतीत तेवढंच करा. शब्द कुणाला सांगू नका, पण ‘माझ्याकडे इतकं आहे, कागद अमुक ठिकाणी आहे आणि गरज पडली तर अमक्याची मदत घ्या’ हे घरात एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा. तो माणूस मराठीत वाचणारा असेल तर सूचनाही मराठीतच लिहा. मृत्युपत्र करत असाल तर त्यात उल्लेख करा. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. शब्द मात्र मृत्युपत्रात लिहू नका, ते बऱ्याच हातांतून जातं.

मग करायचं काय?

रक्कम लहान असेल, म्हणजे गेली तर हळहळ वाटेल पण घर हलणार नाही, तर नोंदणीकृत एक्सचेंजवर राहू द्या. पासवर्ड वेगळा ठेवा आणि दुहेरी पडताळणी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या. कारण सिमकार्डची नक्कल काढून ओटीपी चोरता येतो. रक्कम दोन-तीन पगारांपुढे गेली, तर स्वतःचं हार्डवेअर वॉलेट शिकून घ्या. आधी पाचशे रुपयांचं पाठवा. मग यंत्र पुसून शब्दांवरून ते परत आणून पाहा. ते जमलं की मगच बाकीचं हलवा. एवढी खटपट होणार नसेल, तर तेवढं क्रिप्टो घेऊच नका. ते विकून ठेव केली तरी कुणी नावं ठेवणार नाही.

हिशेबही ठेवा. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. एक्सचेंजवरून स्वतःच्या वॉलेटला पाठवलं तर ती तारीख आणि रक्कम लिहून ठेवा, पुढे विचारणा झाली तर उपयोगी पडते. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसा अडवण्याची शक्यता असते, आठवड्याने नसते.

आणि घरच्या मोठ्यांना एक विनंती. मुलाने किंवा मुलीने ‘माझ्याकडे थोडं क्रिप्टो आहे’ असं सांगितलं, तर पहिलं वाक्य रागाचं नको. रागावलात तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत, आणि कागद कुठे आहे ते तुम्हाला कधीच कळणार नाही. आधी शांतपणे विचारा, ‘किल्ली कुणाकडे आहे?’