‘एक पाऊल पुढे’ राहू द्या, आधी फोन करा!

पोस्ट लांब आहे. पण चिखलोली, आनंदनगर, बदलापूर एमआयडीसीत ज्यांच्या घरातलं कुणी कामाला जातं, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात चिखलोलीच्या एका कारखान्यात बसलो होतो. पंधरा-वीस कामगार, मशीनचे सुटे भाग बनवून परदेशात पाठवतात. भिंतीवर मालवाहतूक एजंटाचं, म्हणजे फॉरवर्डरचं कॅलेंडर. मोठं जहाज, निळा समुद्र आणि खाली ओळ: ‘ग्राहकासाठी नेहमीच एक पाऊल पुढे’. त्याच कॅलेंडरखाली मालक डोक्याला हात लावून बसले होते.

झालं असं. कंटेनर भरून, सील करून खोणी-तळोजामार्गे न्हावा शेवाला निघाला. जहाजासाठी माल आत घ्यायची शेवटची वेळ, म्हणजे कटऑफ, एक दिवस अलीकडे आली होती. शिपिंग लाइनचा मेल फॉरवर्डरच्या ऑफिसात आदल्या संध्याकाळीच पोचला होता. पण यांना कुणी कळवलंच नाही. मालक म्हणाले, “मला सांगितलं असतं तर पोरांना थांबवून रात्रीतच कंटेनर भरला असता हो!”

मग कळवलं कुणी? ट्रेलरच्या ड्रायव्हरने. “शेठ, गेटवर घेत नाहीयेत.” बस्स. ते त्याचं काम नव्हतं. तो रात्रभर उपाशी रांगेत उभा होता, तरी पहिला फोन त्याचाच. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात एक पाऊल पुढे टाकलं ते त्या एकट्याने. त्याचा फोटो मात्र कुठल्या कॅलेंडरवर येत नाही.

एका दिवसाने काय बिघडतं, असं वाटेल. व्यवहार एलसीवर होता. त्यात माल जहाजावर चढवायची शेवटची तारीख लिहिलेली असते. बिल ऑफ लेडिंगवर त्यानंतरची तारीख आली की बँक कागद नाकारू शकते. मग पैसे मिळणं परदेशी खरेदीदाराच्या मर्जीवर. पुढचं जहाज मिळेपर्यंत ती तारीख गेली. खरेदीदाराने सवलत मागितली, यांनी मुकाट्याने दिली. वर कंटेनर जास्त दिवस अडकल्याचं डिटेन्शन. परिणाम? कामगारांचा ओव्हरटाइम पुढच्या महिन्यावर गेला. म्हणून हा विषय एकट्या शेठजींचा नाही, तुमच्या-आमच्या किराण्याचा आहे.

फॉरवर्डर मंडळींचं उत्तर ठरलेलं: “साहेब, समुद्र आमच्या हातात नाही.” मान्य! नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला, भाडी चढली. ते थांबवा असं तुम्हाला कुणी म्हणत नाही. वेळापत्रक बदलणं हा गुन्हा नाहीच. बदललेलं वेळापत्रक मेलबॉक्समध्ये ठेवून घरी जाणं, हा गुन्हा आहे.

कारण बघा, बहुतेक फॉरवर्डरकडे स्वतःचं जहाज नसतं, बंदर नसतं. जागा दुसऱ्याची, ट्रेलर तिसऱ्याचा. यांचं स्वतःचं म्हणून काय, तर माहिती आणि समन्वय. ती माहितीच वेळेवर द्यायची नसेल, तर बिल कशाचं लावता? महिन्याला शंभर कंटेनर देणाऱ्या कंपनीला रात्री अकरालाही फोन जातो. एका कंटेनरवाल्याच्या वाट्याला व्हॉट्सअॅपच्या दोन निळ्या टिका. आणि दिवाळीला काजू-बदामाचा डबा. तो डबा ठेवा तुमच्याकडे.

आता कारखानदार बंधूंनो, थोडं तुमचंही ऐका. तीन कोटेशन मागवता आणि दोन-चारशे रुपयांसाठी सगळ्यात स्वस्त निवडता. कटऑफ बदलली तर फोन कोण करणार, किती वाजेपर्यंत करणार, कंटेनरचे फुकट दिवस किती, भाड्याशिवाय आणखी कोणकोणते चार्जेस लागणार, हे विचारता का? नाही. पुढच्या बुकिंगआधी हे चार प्रश्न लेखी विचारा. उत्तर लेखी आलं नाही तर दुसरा माणूस बघा. आणि एलसीची तारीख घेताना चार दिवस हातचे ठेवा.

आपल्या भागातल्या कारखानदार संघटनांनाही एक विनंती. सत्कार आणि स्नेहसंमेलनं होत राहतील. छोट्या निर्यातदारांसाठी हे चार प्रश्न छापील नमुन्यात करून वाटा. एकेकट्याला कुणी विचारत नाही, पन्नास जणांनी एकच कागद पुढे केला तर विचारावं लागेल.

फॉरवर्डर मित्रांनो, राग आला असेल तर येऊ द्या. तुमच्यातही चांगले लोक आहेत, वाईट बातमी स्वतः फोन करून सांगणारे. त्यांना ही पोस्ट टोचणार नाही. बाकीच्यांनी ते एक पाऊल पुढे नंतर टाकलं तरी चालेल. आधी जिथे उभं राहायचे पैसे घेता, तिथे उभे राहा.

कुणाला असा अनुभव आला असेल तर कमेंटमध्ये लिहा. आणि त्या ड्रायव्हरदादाला आपला सलाम.