सोळाव्या वर्षाची घाई

पानिपतच्या संहारानंतर पाचच महिन्यांनी, १७६१ च्या जूनमध्ये, नानासाहेब पेशवे निवर्तले आणि मिसरूडही पुरते न फुटलेल्या सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. कारभाराची सूत्रे मात्र अल्पवयाच्या सबबीवर चुलते रघुनाथराव यांच्या हाती राहिली. केवळ पदाच्या मानावर संतुष्ट राहणे या तरुणाच्या प्रकृतीत नव्हते. राज्याच्या मसलती आणि दौलतीचा जमाखर्च आपल्या नजरेखालून जावा, हा त्यांचा आग्रह होता, आणि चुलत्या-पुतण्यांच्या तंट्याला तोच मोठे कारण झाला. राक्षसभुवनच्या विजयाहून मला त्याआधीचा, १७६२ मधला आळेगावचा प्रसंग अधिक उद्बोधक वाटतो. घरातली लढाई लांबली तर दौलतीचा विध्वंस होईल हे ओळखून माधवराव आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले आणि त्यांनी नजरकैद पत्करली. मोठे होण्याची एवढी उत्कंठा असलेल्या मुलाने एवढा संयम दाखवावा, हे मला त्या वयाचे परम वैभव वाटते. पुढच्याच वर्षी गोदातीरी राक्षसभुवनला रघुनाथराव निजामाच्या फौजेच्या कचाट्यात सापडले, तेव्हा धावून गेला तो हाच पुतण्या. त्यानंतर कारभार माधवरावांकडे येणे कोणाला रोखता आले नाही.

सोळाव्या वर्षाच्या या घाईला आज आपण उतावीळपणा म्हणून गप्प बसवितो, हा माझ्या मते अन्याय आहे. खेड्यांत एक दृश्य मी वारंवार पाहतो: दहावीतली मुलगी वडिलांचा मोबाईल घेऊन बांधावर उभी असते, गट क्रमांक तपासते, सोयाबीनचे छायाचित्र काढते आणि ई-पीक पाहणीची नोंद पूर्ण करते, जवळ उभे असलेले वडील तिला क्षेत्र तेवढे सांगतात. तीच मुलगी संध्याकाळी ओसरीवर सोसायटीच्या थकबाकीची गोष्ट निघाली की आत पाठविली जाते. "तू अभ्यास कर, तुला काय करायचंय त्यात?" सरकारदप्तरी जाणारी नोंद तिच्या हातून चालते, पण घराचे देणे तिच्या कानांवर गेलेले चालत नाही!

दारिद्र्यामुळे अकाली कामाला जुंपलेल्या मुलांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे बालपण हिरावले जाते आणि तेथे कायद्याचा बडगा हवाच. मी बोलतो आहे ते ज्यांच्यावर गुणपत्रिकेखेरीज कोणतीच जबाबदारी टाकली जात नाही अशांविषयी. कायद्याने तरी विश्वासाच्या पायऱ्या ठेविल्या आहेत: दहा वर्षांनंतर मुलाला बँकेतले बचत खाते स्वतः चालविता येते, सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या लहान दुचाकीचा परवाना मिळू शकतो, आणि १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसावरून अठरावर आले. घराने मात्र अशी एकही पायरी बांधलेली नसते. अठरावे लागले की जो मुलगा एकाएकी परगावी खोली घेऊन राहू लागतो, त्याला भाडेकरार वाचण्याची सवय कोणी लावलेली असते?

म्हणून पालकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, घरातले एक तरी खाते, मग ते विजेच्या बिलाचे असो, किराण्याचे असो वा खतांच्या खरेदीचे, वर्षभरासाठी पूर्णपणे मुलाच्या हवाली करावे. महिनाअखेरीस हिशेबाची रुजुवात कसोशीने घ्यावी, चूक सापडली तर ती त्यालाच निस्तरू द्यावी, आणि सोसायटीच्या कर्जाचे कागद पुढच्या हंगामात त्याच्यासमोर उघडावेत.